दुसऱ्या पाळीचा तक्ता

रांजणगावच्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळते, तिथं गाड्यांचे शाफ्ट तयार होतात. तयार झालेला शाफ्ट गेजनं मोजायचा आणि आलेले आकडे कॉम्प्युटरमधल्या तक्त्यात भरायचे, हे इन्स्पेक्शनच्या टेबलावरचं काम. या टेबलाला दोनच पाळ्या. पहिल्या पाळीला शिरूरची एक डिप्लोमा झालेली मुलगी असायची आणि दुपारी तीनपासूनच्या दुसऱ्या पाळीला मामा.

ते कुणाचेच मामा नव्हते, पण सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. पंचावन्नच्या आसपासचे, केडगावजवळच्या एका वस्तीवर राहणारे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन पावसाळा संपला की कोकणाच्या बाजूला जायचे, मामांच्या पिढीनं शेती धरली. चौफुल्यावरून कंपनीची बस पकडून ते यायचे. बरीच वर्षं लेथवर काढल्यावर गुडघे धरले, म्हणून त्यांना बसून करायचं काम दिलं गेलं. हाताला सवय इतकी की शाफ्ट नुसता उचलला तरी 'ह्यो जाड वाटतोय' म्हणायचे आणि गेज लावल्यावर तो खरोखर जाड निघायचा.

कंपनीनं कागद बंद केले, तेव्हा मराठी टायपिंग त्यांना मी शिकवलं. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत ते शिकले. फाईलचं नाव मराठीत ठेवलं तर चालेल का, असं त्यांनी मला विचारलं होतं, कारण इंग्रजी नावांच्या गर्दीत त्यांना आपली फाईल सापडायची नाही. मी म्हटलं, का नाही चालणार. म्हणून रोज दोन फाईली तयार व्हायच्या, 'पहिल्या पाळीचा तक्ता' आणि 'दुसऱ्या पाळीचा तक्ता', पुढं तारीख. दोन्ही आमच्या सर्व्हरवर, म्हणजे माझ्या खोलीतल्या एका पेटीत जाऊन बसायच्या आणि तिथून त्या कारखान्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडायच्या. दीडेक वर्ष हे बिनबोभाट चाललं.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी सगळ्या कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टिमचा नवा अपडेट टाकला. टाकायचाच होता, वरून सूचना होती. सगळं चालू झालं, प्रिंटर चालले, बिलं निघाली, मी निश्चिंत झाले.

तीन आठवड्यांनी आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला आला. त्यानं मधलेच काही दिवस निवडून तक्ते दाखवायला सांगितले. पहिल्या पाळीचे उघडले. दुसऱ्या पाळीचे उघडले तर रिकामे. एक नाही, अपडेटनंतरचे सगळे. नाव आहे, तारीख आहे, आत काहीच नाही. त्या माणसानं वहीत टिपून घेतलं आणि पुढच्या टेबलाकडं गेला. क्वालिटीच्या साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी मामांना पाळीच्या आधी बोलावून घेतलं. खोलीत साहेब, एचआरची बाई, मी आणि दाराशी उभे मामा. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. साहेबांनी विचारलं, तक्ते का भरले नाहीत. मामा म्हणाले, "साहेब, मी रोज भरल्यात. मोजल्याबिगर एक शाफ्ट म्या पुढं सोडला न्हाई."

साहेब माझ्याकडं वळले. सिस्टिममध्ये काही प्रॉब्लेम आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

आदल्या संध्याकाळी मी माझ्या परीनं सगळं तपासलं होतं. पेटीवरचा दिवा हिरवा होता. डिस्क ठणठणीत होती. मामांच्याच कॉम्प्युटरवर बसून 'टेस्ट' नावाची फाईल केली, आकडे भरले, बंद केली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली. आकडे जागेवर. मग 'चाचणी' असं मराठी नाव देऊन केली. तीही नीट. पहिल्या पाळीचे तक्ते तर त्याच टेबलावरून, त्याच कॉम्प्युटरवरून भरले जात होते आणि शाबूत होते. एकाच यंत्रावर एकाचं राहतं आणि दुसऱ्याचं जातं, याला माझ्याकडं एकच अर्थ होता.

"नाही सर," मी म्हटलं. "सिस्टिम व्यवस्थित आहे."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना माझं खरं वाटलं होतं.

त्यांना लेखी ताकीद मिळाली. पण टेबल लगेच काढून घेतलं नाही, आणखी आठ दिवस बघू म्हणाले. त्या आठ दिवसांत मामा रोज पाळी सुरू होण्याआधी माझ्या खोलीत यायचे. एक दिवस त्यांनी मला टेबलाशी नेलं आणि माझ्यासमोर पाच शाफ्ट मोजून भरले. फाईल सेव्ह केली, बंद केली, परत उघडली. आकडे होते. मी म्हटलं, बघा, राहतंय की. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फाईलमध्ये काही नव्हतं. मामांना मी विचारलं, जाताना चुकून काही पुसलं का, दुसरं बटण दाबलं का. त्यांनी आदल्या रात्रीचं एकेक आठवून बघितलं.

"मला आठवत न्हाई पुसल्याचं," ते म्हणाले. "पर आता माझं मलाच खरं वाटंना झालंय."

नंतर त्यांच्याच शेजारच्या ऑपरेटरकडून कळलं की मामा दौंडला एका डॉक्टरकडं जाऊन आले होते, विसरायचा आजार लागला का ते विचारायला. डॉक्टरनं तपासून काही नाही म्हणून सांगितलं, झोपेची गोळी दिली. घरी बायको त्यांना उठता बसता विचारायची, पाण्याची मोटार बंद केली का, कडी लावली का. आणि ते सांगायचे की केली, आणि परत जाऊन बघून यायचे.

आठ दिवसांनी त्यांना पॅकिंगला टाकलं. खोकी उचलायचं काम. त्यांच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. दीड महिन्यानं त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. मी शिकवलं होतं म्हणून येऊन गेले असावेत. मी चहा मागवला. ते म्हणाले, तुमचा काही दोष न्हाई मॅडम, वयच झालं. मी म्हटलं, तसं काही नसतं मामा. पण मला तसंच वाटत होतं, हे आता लिहिताना लपवण्यात अर्थ नाही.

त्यांच्या जागी नवीन माणूस आला. तो फाईलला 'शिफ्ट टू' असं इंग्रजीत नाव द्यायचा. एकही तक्ता रिकामा झाला नाही. सगळ्यांना वाटलं, बघा, नीट काम करणारा माणूस बसला की कसं होतं.

बसचा कारभार बघणारे एक आप्पा आमच्याकडं आहेत. कुठली बस कुठून किती वाजता, ही यादी ते वर्षातून दोनदा बदलतात. मामांनी नोकरी सोडल्यावर महिन्याभरानं ते माझ्याकडं आले. बदललेली यादी सकाळी उघडली तर आत काही नाही, सगळं परत करावं लागणार, काल संध्याकाळी तर नीट ठेवलं होतं, असं त्यांचं गाऱ्हाणं. मी म्हटलं, जुनी प्रत मिळते का बघते. आपण एरवी ज्या खिडकीतून फाईली बघतो तिथं न बघता मी पेटीच्या स्वतःच्या पानावर गेले. तिथं मी फक्त पासवर्ड बदलायला जात असे. तिथं फाईलींची यादी काढली तर 'बसच्या फेऱ्या' हे नाव दोनदा होतं.

एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाईली असू शकत नाहीत. कॉम्प्युटर तसं करूच देत नाही. पण इथं एकाखाली एक होत्या, अक्षर न् अक्षर सारखं. एक रिकामी. दुसऱ्या फाईलमध्ये आप्पांची सगळी यादी.

मी आप्पांना यादी काढून दिली आणि पाठवलं. मग शोधाच्या चौकटीत 'दुसऱ्या' असं लिहिलं. लिहितानाच मला कळलं होतं की काय दिसणार आहे. ते ओळीनं आले, प्रत्येक तारीख दोनदा. एक रिकामा, एक भरलेला. मामांनी मोजलेला प्रत्येक शाफ्ट तिथं होता, माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावरच्या पेटीत. हिरवा दिवा लागलेला होता.

मी ते उघडून वाचत बसले. शेवटच्या रकान्यात मामा शेरा लिहायचे. 'गेज पुसून परत मोजले.' 'ह्यात चरा आहे, बाजूला ठेवला.' ताकीद मिळाली त्या दिवशीच्या तक्त्यात शेवटी लिहिलं होतं, 'आज लक्ष लागत नाही, शेवटचे पाच सकाळी परत मोजावेत.'

कारण शोधायला मला तीन दिवस लागले. 'फेऱ्या' आणि 'दुसऱ्या' कागदावर एकाखाली एक लिहिलं, 'पहिल्या' आणि 'चाचणी' बाजूला लिहिलं. जी नावं बिघडत होती त्यांत आपला तो आडवा, पापणीसारखा र होता. इतर नावांत नव्हता. कॉम्प्युटरच्या पोटात हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं, एकसंध, किंवा साधा र आणि त्याखाली टिंब. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. नव्या अपडेटनंतर सिस्टिम रिकामी फाईल तयार करताना नाव एका तऱ्हेनं पाठवत होती आणि आतला मजकूर ठेवताना दुसऱ्या तऱ्हेनं. पेटीला वाटायचं, या दोन वेगळ्या फाईली आहेत. आणि बघताना सिस्टिमला वाटायचं, एकच आहे, म्हणून ती एकच दाखवायची, नेमकी रिकामी. ज्या कॉम्प्युटरवर भरली तो चालू असेपर्यंत त्याच्या आठवणीत आकडे राहायचे, म्हणून मामांना ते दिसायचे. रात्री कॉम्प्युटर बंद झाला की गेले.

सगळे प्रिंट घेऊन मी साहेबांकडं गेले. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, हे मी कबूल करते. मग म्हणाले, बरं झालं सापडलं, आजपासून सगळ्या फाईलींची नावं इंग्रजीत करा. मी मामांचं विचारलं. ते म्हणाले, तपासणीचं प्रकरण आता मिटलंय, गिऱ्हाइकाला आपण माणूस बदलल्याचं कळवलंय, ते उकरून काढायचं म्हणजे सगळंच उकरावं लागेल. एचआरच्या बाईंनी सांगितलं की त्यांनी राजीनामा स्वतः दिलाय, काढलेलं नाही, त्यामुळं परत घेण्याची काही पद्धत नाही. ताकीद मात्र फाईलमधून काढून टाकू म्हणाल्या. काढलीही. पण ज्याची फाईल, तोच तिथं नव्हता.

मला त्या दिवशी संध्याकाळीच मामांकडं जायला हवं होतं. मी ठरवलं की नुसतं तोंडी सांगायला जाणार नाही. ज्यांनी ही सिस्टिम बनवली त्यांच्याकडून लेखी घेईन की चूक त्यांच्या सिस्टिमची आहे, आणि तो कागद घेऊन जाईन. म्हणून मी त्या कंपनीला दोषाची तक्रार लिहायला बसले.

तक्रारीचा फॉर्म इंग्रजीत. मथळ्याच्या चौकटीत मी ते अक्षर टाकलं तर तिथं एक रिकामा चौकोन उमटला. मग मी त्या अक्षराचे कोडचे आकडे लिहिले, पायऱ्या लिहिल्या, दोन्ही ठिकाणच्या याद्यांचे फोटो जोडले. आपोआप आलेलं उत्तर मिळालं की तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. दोन आठवड्यांनी एकानं कळवलं की सिस्टिम काढून परत टाका. मी टाकली, काही बदललं नाही, तसं लिहिलं. मग फोन आला. बोलणारा मुलगा हिंदीत चांगलं बोलत होता, पण त्याच्यापुढं एक यादी होती आणि तो ती वाचत होता. केबल तपासली का, पेटी बंद करून चालू केली का. मी त्याला अक्षर समजावून सांगू लागले. तो म्हणाला, "मॅडम, आप फाईल का नाम इंग्लिश में क्यों नहीं रखते?"

महिन्याभरानं तक्रार वरच्या कुणाकडं तरी गेली. तिकडून उत्तर आलं की आमच्याकडं असं होत नाही, दोन्ही नावं सारखीच दिसतात. मी लिहिलं की हो, सारखी दिसतात, दोष तोच आहे. त्यावर एक खरोखर चांगला प्रश्न आला, तुमचा कीबोर्ड यातलं कुठलं रूप पाठवतो. या माणसाला कळलंय असं मला वाटलं. मी तासाभरात सविस्तर उत्तर दिलं. त्यानंतर त्याच्याकडून काही आलं नाही. मी विचारलं तेव्हा कळलं की तो दुसऱ्या विभागात गेला. नव्यानं आलेल्यानं पहिल्यापासून माहिती मागितली. मी दिली. आणखी काही दिवसांनी तक्रारीपुढं शेरा आला, पुरेशा माहितीअभावी बंद. मी ती परत उघडली. परत बंद झाली.

या सगळ्यात पाच महिने गेले. रोज सकाळी मी आधी तक्रारीचं पान उघडायची. कागद आला की जाईन, असं म्हणत म्हणत मी जाणं टाळत होते, हे मला कळायला तेवढे महिने लागले.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला आणि तिथून केडगावला गेले. वस्ती विचारत विचारत सापडली. मामा गोठ्याच्या सावलीत बसून पाइपाला चिकटपट्टी गुंडाळत होते. मला बघून उठायला गेले, गुडघ्यावर हात टेकून. त्यांच्या बायकोनं पाणी आणलं आणि त्या ओसरीच्या कडेला बसल्या.

मी पिशवीतून प्रिंट काढून त्यांच्या हातात दिले. मी काही बोलायच्या आधी त्यांनी ते वाचावं असं मला वाटत होतं. ते चष्मा घालून एकेक पान उलटत गेले. हे आपलंच आहे हे त्यांना शेऱ्यांवरून कळलं. मग मी सांगितलं, अक्षराचं, दोन फाईलींचं, पेटीचं. किती समजलं माहीत नाही. मी म्हटलं, मामा, तुम्ही सगळं भरलं होतं. चूक सिस्टिमची होती, आणि सिस्टिममध्ये काही नाही असं त्या दिवशी मी सांगितलं होतं.

त्यांनी पानं परत पहिल्यापासून उलटली. त्यांच्या बायको मला म्हणाल्या, "म्हंजी ह्यांला काय झालं न्हवतं?"

"नाही मामी. काहीच झालं नव्हतं."

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि उठून आत गेल्या. मग मामांनी विचारलं की ही कंपनी, ज्यांनी सिस्टिम बनवली, ते लोक काय म्हणतात. मी खरं ते सांगितलं. म्हणतात, आमच्याकडं असं होत नाही.

"न्हाईच व्हणार," मामा म्हणाले. "त्येंच्यात दुसऱ्या पाळीचा तक्ता असं कोण लिवतंय."

मी विचारलं, परत यायचं का, मी शिरूरच्या दुसऱ्या एखाद्या कारखान्यात शब्द टाकते. ते म्हणाले, आता नगं. गुडघ्याचं तर हायच. पर त्या टेबलाफुडं बसलो की परत वाटंल, ऱ्हायलं का गेलं. तेवढं नगं वाटतं. मी आग्रह केला नाही. त्यांनी प्रिंट सारखे केले, घडी न घालता, आणि आत नेऊन ठेवले. जेवून जा म्हणाले. मी जेवले. पिठलं, भाकरी आणि कांदा. बोलणं पुढं उसाच्या पाण्यावर आणि दिवसाच्या लायटीवर गेलं.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी एक अपडेट आला. टाकल्यावर मी सवयीनं त्या अक्षराची एक फाईल करून बघितली. सकाळी उघडली तर आकडे होते. पेटीच्या पानावर नाव एकदाच. अपडेटबरोबर आलेल्या लांबलचक यादीत मी शोधलं, काही फाईलनावांच्या बाबतीत सुधारणा केली, एवढी एक ओळ सापडली. ती आमच्यासाठी होती की दुसऱ्या कुणासाठी, कळायला मार्ग नव्हता. माझी तक्रार तेव्हाही बंदच होती, अपुऱ्या माहितीसाठी.

दुपारी मी मामांना फोन लावला. त्यांच्या बायकोनं उचलला. ते पाणी धरायला गेले होते. मी म्हटलं, त्यांना सांगा, ते दुरुस्त झालं. काय ते, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते कॉम्प्युटरचं, अक्षराचं.

"बरं, सांगते," त्या म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "पर मॅडम, ते आता इचारत न्हाईत वो त्याचं."

मी हो म्हटलं. मग त्यांनी माझ्या घरच्यांची चौकशी केली, मी त्यांची केली, आणि फोन ठेवला.